पायऱ्या मोजत येणाऱ्या बाईंचा साबण

माझ्या सासऱ्यांच्या दुकानात उंदीर पकडायच्या चिकट पुठ्ठ्याचं नाव ‘पाहुणचार’ आहे. झुरळांच्या पावडरीचं नाव ‘शुभेच्छा’. संडास घासायचा ब्रश ‘राजकन्या’ या नावाने येतो आणि त्याच्या पाकिटावर मुकुट घातलेली एक मुलगी हसत असते. तिला नेमकं कशाचं हसू येतं ते मला आजवर कळलेलं नाही. ही नावं आमच्या घरात कोणी ठेवलेली नाहीत. छोट्या कारखान्यांतून माल असाच येतो आणि सदाशिव पेठेतली माणसं तो चेहऱ्यावरची रेष न हलवता विकत घेतात.

सासरे मात्र ही नावं तोंडाने उच्चारत नाहीत. “कारखानदाराला मुलीचं नाव ठेवायची हौस होती, ती त्याने ब्रशावर भागवली. आपण का भोगायचं?” असं ते म्हणतात. त्यांची पद्धत वेगळी. जो माल ज्याने त्यांच्याकडे पहिल्यांदा मागितला, तो माल कायमचा त्याचा. चंदनाचा एक साबण आहे, तो समोरच्या इमारतीतल्या निवृत्त गणिताच्या बाई नेतात. बाई जिना उतरताना पायऱ्या मोठ्याने मोजतात. म्हणून तो ‘पायऱ्या मोजत येणाऱ्या बाईंचा साबण’. पुढे पेठेत दुसऱ्या कोणीही तो साबण मागितला, तरी सासऱ्यांच्या लेखी तो बाईंचाच. चाळीसेक वर्षं दुकान असंच चाललं होतं. आणि हे सगळं मनातल्या मनात चाललं होतं, हे महत्त्वाचं.

माझ्याबद्दलही सांगून टाकते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे इतरांच्या चुका शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि ज्याने चूक केली त्याला सभ्य भाषेत कळवायचं. “ही सवय घरी आणू नकोस,” असं नवऱ्याने लग्नानंतर आठवडाभरातच मला सांगितलं होतं. सवय मुळात घरचीच होती, कामावर मी ती नेली, हे त्याला जरा उशिरा कळलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सासऱ्यांच्या चुका सुरू झाल्या. पहिली चूक पायऱ्या मोजणाऱ्या बाईंच्याच वाट्याला आली. त्यांनी रांगोळी मागितली आणि सासऱ्यांनी दंतमंजन दिलं. दोन्ही पांढरं, दोन्ही सारख्याच पिशवीत. बाईंनी दारात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढली आणि संध्याकाळी दुकानात येऊन सांगितलं, “उठून दिसली हो. शिवाय आळीतल्या सगळ्या मुंग्यांचे दात स्वच्छ झाले.”

दुसरी चूक अधिक नाजूक होती. एका निवृत्त बँकवाल्या साहेबांना सासऱ्यांनी केसांच्या कलपाऐवजी बुटाचं काळं क्रीम दिलं. सत्यनारायणाच्या आरतीत साहेबांना घाम आला आणि पांढऱ्या झब्ब्याची कॉलर काळी झाली. त्यांना तक्रारही करता येईना, कारण ते कलप लावतच नाहीत. निदान पेठेत सगळ्यांना त्यांनी तसंच सांगून ठेवलं आहे. शेवटी त्यांच्या पत्नी आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “यांच्या भावासाठी जे क्रीम नेलं होतं ना, ते बुटाचं निघालं.” मी म्हटलं, “भाऊ बरे आहेत ना?” त्या म्हणाल्या, “भाऊ दोनदा न्हालाय.”

मी हसले. नवरा हसला नाही. “आज मंजन गेलं, उद्या उंदराचं औषध जाईल,” तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून सासरे विसरायला लागले होते, हे आम्हा दोघांना कळत होतं. पण त्याला भीती वाटली की तो लगेच निर्णय घेऊन मोकळा होतो. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कोणाला तरी दुकानाची जागा भाड्याने हवी होती, त्याच्याशी तो बोलूनही आला. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. ताट बाजूला सारलं आणि एवढंच विचारलं, “मग मी सकाळी उठून करू काय?”

मी म्हटलं, दुकानात कॉम्प्युटर बसवू, म्हणजे कुठला माल कुठे आहे ते यंत्र सांगेल. नवरा म्हणाला, “ठीक आहे. दसऱ्यापर्यंत बघू. तोवर एक जरी भलती वस्तू गेली, तर बंद.” सासऱ्यांनी मान हलवली. मीही हलवली, कारण मुदत ठरवताना माझा पगारच त्यासाठी असल्यासारखा मला उत्साह येतो.

पुण्यातल्याच एका लहानशा कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रत्येक मालापुढे दोन रकाने होते. एक ‘मालाचं नाव’, ते बिलावर छापलं जाई. दुसरा ‘आपली खूण’, ती फक्त दुकानदाराला पडद्यावर दिसे. खूण टाकली की त्या वस्तूचा फोटो आणि कप्प्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत समोर येई. सासऱ्यांना हवं होतं ते एवढंच. सलग पाच रविवार मी दुकानात स्टुलावर बसून टाइप करत होते आणि ते कप्प्यापुढे उभे राहून एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होते.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गेली चाळीस वर्षं या माणसाच्या डोक्यात काय साठत होतं. ‘तीनदा पिशवी नको म्हणून चौथ्यांदा मागणाऱ्यांची टूथपेस्ट.’ ‘घोरतात हे मान्य नसलेल्या वकिलांचं नाकात घालायचं तेल.’ ‘कलप न लावणाऱ्या साहेबांचा कलप.’ ‘तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलीचं पेन.’ ही मुलगी वर्ध्याकडची, स्पर्धा परीक्षेसाठी मागच्या गल्लीत खोली करून राहते. ‘सुनेपासून लपवायची क्रीमची बिस्किटं’, ती कोपऱ्यावरच्या मधुमेहवाल्या आजोबांची. वस्तूचं नाव सासऱ्यांना आठवत नसे, कधीकधी वस्तू कशासाठी असते तेही क्षणभर सुटून जाई, पण ती कोण नेतं हे मात्र अचूक येई. मी हसून हसून टाइप करत होते. इतकं लांब सांगू नका, असं एकदाही म्हटलं नाही. खूण आतली आहे, बाहेर जाणारच नाही, असा मला माझ्या धंद्यातल्या माणसाला अजिबात न शोभणारा विश्वास होता.

आणि यंत्र चाललं. सासरे एका बोटाने टाइप करायचे. गिऱ्हाईक वाट पाहून सुस्कारा टाकायला लागलं की, “घाई असेल तर मंडईत जा, तिथे लवकर फसवतात,” असं सांगायचे. पण पाच-सहा आठवडे झाले आणि एकही वस्तू चुकली नाही. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, “आज काही?” आणि मी म्हणायची, “काही नाही.” घरात पुन्हा जेवताना बोलणं सुरू झालं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यार म्हणजे दुकानातला तराजू, कात्री, सुतळीचा आकडा आणि त्या वर्षीपासून कॉम्प्युटर. एकदा पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा कडक नियम. संध्याकाळी मी कॉम्प्युटर बंद करायला बसले, तेव्हा ते मागे हळद-कुंकवाचं तबक घेऊन उभे होते. “झालं का? झालं का?” चाललं होतं. बंद करायच्या आत पडद्यावर एक चौकट उघडली. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, असं काहीतरी सुरुवातीला होतं आणि खाली बराच मजकूर. मी तो वाचला नाही. ‘मान्य’ दाबलं. दिवसभर लोकांना “न वाचता मान्य करू नका” असं लिहून पाठवणारी मी, तबकातलं निरांजन विझेल म्हणून न वाचता मान्य केलं. सासऱ्यांनी पडद्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि कळफलकावर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला आमच्या कंपनीला सुट्टी होती, पण ज्या परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही काम करतो त्याला दसरा माहीत नव्हता. त्यामुळे मी हिंजवडीत होते. साडेअकराच्या सुमारास मैत्रिणीचा फोन आला. ती पेठेतच राहते. हसू आवरत तिने विचारलं, “अगं, मी तुमच्याकडून बिस्किटं आणली. माझ्या बिलावर ‘सुनेपासून लपवायची’ असं का छापलंय? मला तर अजून सूनच नाही.”

तिने फोटो पाठवला. सगळं बिल खुणांचं होतं. नव्या आवृत्तीने दोन्ही रकान्यांची अदलाबदल केली होती. जे आत राहायचं ते बाहेर आलं होतं आणि जे बाहेर दिसायचं ते आत गेलं होतं. खूण टाकून माल शोधणं मात्र पूर्वीसारखंच चालत होतं, म्हणून दुकानात कोणाला काही जाणवलं नव्हतं. शिवाय हे सॉफ्टवेअर छापील बिलाबरोबर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरही बिल पाठवतं. दसऱ्याची गर्दी, सकाळी नऊपासून दुकान भरलेलं. साठ-सत्तर बिलं पेठेत पोचली होती.

मधुमेहवाल्या आजोबांच्या खात्याला मोबाइल कोणाचा जोडला होता? सुनेचा. त्यांनी बिस्किटं नेली आणि ते घरी पोचायच्या आत ती लपवायची आहेत हे तिला कळलं. कलपाचं बिल साहेबांच्या पत्नीने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं, ज्यात खराखुरा भाऊही होता. आणि दातांच्या एका डॉक्टरांनी चंदनाचा साबण नेला. बिल वाचून त्यांना वाटलं की एखादी नवी देशी कंपनी निघाली असावी. ते समोरच्या इमारतीत गेले आणि त्यांनी चक्क गणिताच्या बाईंनाच विचारलं, हा ब्रँड तुम्हाला माहीत आहे का?

दुकानातला फोन गर्दीत कोणी उचलेना, म्हणून मी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. तिकडे एक अतिशय शांत तरुण होता.

“मॅडम, बिल छापलं जातंय ना?”

“जातंय. तेच तर नकोय.”

“फॉन्ट नीट येतोय?”

“फॉन्ट सुंदर येतोय. नावं चुकीची येताहेत.”

“मॅडम, मला इथून दिसतंय. काल संध्याकाळी तुमच्याकडून परवानगी मिळालीय. त्यात तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, रकान्यांचा क्रम बदलेल, तपासून घ्या म्हणून.” थोडं थांबून तो म्हणाला, “पण मॅडम, ‘पायऱ्या मोजत येणाऱ्या बाईंचा साबण’ हे नाव तुमचं स्वतःचं आहे का? मार्केटमध्ये चालेल.”

बॉसने हातातलं काम पुरं करून घेतलं, त्यामुळे मला निघायला अडीच वाजले. रस्ते सुट्टीमुळे रिकामे होते. कॅबमध्ये बसून मी त्या दिवसाची सगळी बिलं मोबाइलवर उघडली आणि एकेक तपासली. कोणी काय मागितलं ते मला कळायला मार्ग नव्हता, म्हणून ज्यांचे नंबर होते त्यांना सणाच्या शुभेच्छा देण्याच्या मिषाने फोन करून माल बरोबर मिळाला का ते विचारलं. कोणी हसलं, कोणी ओरडलं, पण माल प्रत्येकाला बरोबर मिळाला होता. भर गर्दीत, एकट्या माणसाने दिलेल्या मालात एकही वस्तू इकडची तिकडे नव्हती.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. या प्रथेवरून पुण्याबाहेरचे लोक आम्हाला भरपूर टोमणे मारतात. त्या दिवशी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, कारण निदान तीन तास नवीन बिल निघणार नव्हतं.

मी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. शटर अर्धं वर होतं. आत सासरे स्टुलावर बसले होते आणि नवरा कॉम्प्युटरसमोर उभा होता. मी काही बोलायच्या आत त्याचं चाललेलं बोलणं माझ्या कानावर आलं.

“बाबा, नीट आठवा. सकाळी काय दाबलंत तुम्ही?”

“दाबलं असेल काहीतरी,” सासरे म्हणाले.

“काहीतरी म्हणजे काय?”

“ते आठवत नाही. पण मीच दाबलं असणार. दुसरं कोण हात लावतं याला?”

इथे मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, ‘बघितलंस ना’ अशी, आणि मी पर्स ठेवायला जागा शोधत राहिले. एवढ्याशा दुकानात पर्स ठेवायला मला पाच मिनिटं लागली. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. इतरांच्या चुकांना क्रमांक देणाऱ्या बाईला स्वतःच्या चुकीपुढे एक आकडा घालवेना. तेवढ्यात शटर पूर्ण वर गेलं आणि माणसं यायला लागली. एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात बिल.

पहिली वर्ध्याची मुलगी आली. सासऱ्यांना सोनं देऊन, पाया पडून म्हणाली, “काका, पेनाचं बिल पाहिलं मी. आता तिसऱ्यांदा नाही ना, चौथ्यांदा आहे. तेवढं बदलवून टाका.” आणि पेनांचं आणखी एक पाकीट घेऊन गेली. मग एक गृहस्थ आले. तीस वर्षं आमच्याकडून माल नेतात. ते फार दुखावले होते. सगळ्या बिलांत आपण कुठेच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. “आम्ही काय बिनखुणेचे?” असं विचारून ते बाजूला उभे राहिले ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

मग समोरच्या जिन्यावरून आकडे ऐकू आले.

बाई आत आल्या. त्यांनी सासऱ्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. आणि आता हे घ्या.” दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरांचं बिल होतं.

“हा साबण माझा आहे का?”

“तसा कंपनीचा आहे,” सासरे म्हणाले.

“आपल्या आळीत पायऱ्या मोजत आणखी कोण येतं?”

“कोणी नाही.”

“मग मी असा कोणता गुन्हा केला, की मी कशाने अंघोळ करते ते दातांच्या डॉक्टरांच्या बिलावर छापून यावं?”

एरवी सासऱ्यांनी असं वाक्य खाली पडू दिलं नसतं. पण ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, “माझी चूक झाली, बाई. वय झालं. माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं. आता दुकान बंदच करतोय आम्ही.”

ते नवऱ्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. न केलेल्या चुकीची इतकी सहज माफी मागताना मी त्यांना पाहिलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. मंजन दिलं ते त्यांनी, क्रीम दिलं ते त्यांनी, म्हणून आता जगातली प्रत्येक चूक आपलीच असणार, असं ते धरून चालले होते. आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो.

“मी दाबलं,” मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “काल पूजेच्या वेळी मी दाबलं. खाली लिहिलेलं वाचलं नाही. बाबांनी आज काहीही केलेलं नाही.”

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“म्हणजे मी नाही?”

“नाही.”

“सकाळीसुद्धा नाही?”

“नाही, बाबा. सकाळची सगळी बिलं मी तपासली, लोकांना फोन केले. एवढ्या गर्दीत तुमची एकही वस्तू चुकली नाही.” हे मी त्यांना सांगत होते, पण पाहत होते नवऱ्याकडे. तो बिलांच्या गठ्ठ्यावर नजर लावून उभा होता.

सासरे हळूहळू ताठ झाले. मला ते अगदी स्पष्ट दिसलं. मग ते बाईंकडे वळले. “बाई, चूक माझी नाही.”

“ऐकलं मी. बहिरी नाही.”

“साबण हवाय का?”

“आधी मला सांगा, मला सरळ नाव नव्हतं का? तुम्ही ते लिहू शकला नसता?”

सासरे म्हणाले, “तुमचं नाव मला आठवत नाही हो. दोन वर्षं झाली. विचारायची लाज वाटते. पायऱ्या आठवतात. एकोणीस.”

“वीस,” बाई म्हणाल्या.

“मोजता तुम्ही एकोणीसच. विसावीला दम घेता.”

बाई स्टुलावर बसल्या, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, “दोन द्या.” साबण घेऊन गेल्या. नाव मात्र त्यांनी त्याही दिवशी सांगितलं नाही, आणि मला वाटतं ते मुद्दाम.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. कलप न लावणारे साहेब त्यानंतर दुकानाची पायरी चढले नाहीत. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे आहेत आणि रस्त्यात दिसलो की ते पलीकडच्या बाजूला जातात. आजोबांची बिस्किटं सुनेने बंद केली. सॉफ्टवेअरवाल्यांनी दोन दिवसांत रकाने जागेवर आणले. बिलावर पुन्हा ‘राजकन्या’ आणि ‘शुभेच्छा’ छापून यायला लागलं, तेव्हा तीन-चार जणांनी येऊन विचारलं की आमचं का काढलंत.

नवऱ्याने मोबाइल कव्हरवाल्याला काय कळवलं ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी चहा पिताना त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “त्या यादीत माझी काही खूण आहे का?” मी यादी पाठ असल्यासारखी सांगू शकत होते, तरी मोबाइल काढून शोधलं. नव्हती. असणार कशी? घरात ब्लेडपासून बॅटरीपर्यंत सगळं तो मोबाइलवरून मागवतो, दहा मिनिटांत कोणीतरी दारात आणून देतं. वडिलांच्या दुकानातून त्याने कधी काही विकत घेतल्याचं मला तरी आठवत नव्हतं. तो चहा अर्धाच ठेवून उठला.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास मी दुकानात स्टुलावर बसून बिलाचा कागद बदलत होते. नवरा आला. नेहमीसारखा फळी उचलून आत आला नाही. रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला.

“ब्लेड द्या,” तो म्हणाला.

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठलं?”

“कुठलंही.”

“कुठलंही आपल्याकडे नसतं.”

मग त्यांनी मागे वळून कप्प्यातून एक पाकीट काढलं, फळीवर ठेवलं आणि कॉम्प्युटर जवळ ओढला. ते ब्लेड एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर होतं, ते गृहस्थ मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले होते. सासऱ्यांनी त्यांची खूण पुसली आणि एका बोटाने नवी टाइप करायला घेतली. आम्ही दोघं दोन बाजूंनी पडद्याकडे पाहत होतो. एकेक अक्षर उमटत होतं. ‘दुकान बंद करा म्हणणाऱ्याची ब्लेडं.’

नवऱ्याचे कान लाल झाले. “बाबा, हे काढा.”

“का? खोटं आहे?”

“खोटं नाही. पण मुलगा लिहा ना. मी मुलगा आहे तुमचा.”

“ते आत्ता माहीत आहे मला,” सासरे म्हणाले. “लिहून ठेवायचं ते पुढच्यासाठी. नावं जातात, नाती पण मागेपुढे होतात. भांडलेला माणूस मात्र डोक्यातून जात नाही, हे मी बघितलंय. त्यावरून सापडशील तू मला.”

नवरा फळीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत, कारण दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

“किती दिवस पुरतं हे पाकीट?” सासऱ्यांनी विचारलं.

“महिनाभर,” नवरा म्हणाला. “महिन्याने येतो मी पुन्हा.”

“पंधरा दिवसांनी ये,” सासरे म्हणाले. “महिना मला फार होतो.”